रिपोर्टवरचे लाल बाण बाळाच्या मापाचे नाहीत

पत्र आधी देते, लांब होतं, कामापुरतं ठेवलंय:

"सिस्टर ताई नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, जिनिंगमधे काट्यावर कामाला आहे. मिसेसची पहिली डिलिव्हरी माहेरी शहाद्याकडे झाली, पूर्ण दिवसांची, मुलगा, वजन २ किलो ७००. चौथ्या दिवशी सकाळपासून बाळ दूध ओढेना, नुसतं झोपून. माझ्या आजेसासूने पाय हातात घेतले आणि ओरडलीच, पोऱ्याना पाय गार शेतस म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी लगेच धुळ्याला पाठवलं. आता एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत आहे, सेप्सिसची (इन्फेक्शन रक्तात, अंगभर पसरल्याची) शंका म्हणतात, अँटिबायोटिक चालू आहे, कल्चर यायचंय. पाचव्या दिवशी रक्ताचा एक मोठा रिपोर्ट मोबाईलवर आला आणि तिथून माझी झोप गेली. प्रोटीन सी ३१ टक्के, समोर लिहिलंय ७० ते १४०. अँटिथ्रॉम्बिन ५२, समोर ८० ते १२०. पीटी १५ सेकंद, एपीटीटी ५१, फायब्रिनोजेन १९०, डी-डायमर तर तिप्पट. प्लेटलेट १ लाख १० हजार, सीआरपी ३८. सगळीकडे लाल बाण. फॅमिली ग्रुपवर टाकला तर एक काका म्हणतात रगत पातळ व्हई गयं, प्लाझ्मा चढवा, दुसरा म्हणतो गाठी होतील, लकवा मारेल. दोन्ही एकदम कसं होईल? मिसेस माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, त्याच्यामुळेच झालं असंही बोलतायत. डॉक्टर म्हणतात बघू, उद्या रिपीट करू. बघू म्हणजे काय? नाशिकला हलवू का? दहा पोरं रक्त द्यायला तयार बसलीयत."

भाऊ,

फोनवर बोललो तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यात बसला होता, मागे कुणाचं तरी लग्नाच्या तारखेवरून जोरात चाललं होतं, माझं निम्मं तुम्हाला ऐकूच गेलं नसणार. म्हणून लिहून देते. आणि इथं देते कारण असे लाल बाणांचे फोटो मला यावलपासून नंदुरबारपर्यंत कुठूनही येतात, आणि घाबरायची तऱ्हा सगळ्यांची सारखीच. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होते, शेवटची काही वर्षं इन्चार्ज. औषध काय, डोस किती, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, माझ्या लिहिण्यावरून त्यांच्याशी वाद घालू नका. रिपोर्ट कसा वाचायचा आणि त्यांना विचारायचं काय, एवढंच मी सांगणार.

तर ते बाण. लॅबच्या कॉम्प्युटरमधे प्रत्येक टेस्टसमोर एक रेंज भरून ठेवलेली असते, बऱ्याच ठिकाणी ती मोठ्या माणसाचीच असते, आणि कॉम्प्युटरला समोर ४५ वर्षांचा माणूस आहे का ५ दिवसांचं बाळ आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, आकडा खाली दिसला की मारला बाण. तुम्ही बाळाच्या पायात तुमची चप्पल घातली आणि मग घाबरलात की पाय एवढा छोटा कसा, असं झालंय हे.

रक्त गोठवणारी प्रोटीन आणि गोठणं आवरणारी प्रोटीन (प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही आवरणारी), बहुतेक सगळी लिव्हरमधे बनतात, आणि नव्या बाळाचं लिव्हर अजून कामाला रुळतंय. आईकडची ही प्रोटीन वारेतून बाळाला मिळत नाहीत, त्याची त्यालाच बनवावी लागतात. त्यामुळे चांगल्या धडधाकट बाळाचंसुद्धा प्रोटीन सी सरासरीने मोठ्या माणसाच्या निम्म्याहून कमीच असतं. हे काही मी मनाचं सांगत नाहीये. कॅनडात मॉरीन अँड्र्यू नावाच्या मुलांच्या रक्तविकाराच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९८७ मधे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांचं रक्त पहिल्या दिवशी, पाचव्या दिवशी, महिन्याने असं तपासून त्याचे तक्ते छापले आणि पुढच्या वर्षी लवकर जन्मलेल्या बाळांचे. त्यातलं पाचव्या दिवसाचं बघा. प्रोटीन सी २० ते ६४ टक्के. अँटिथ्रॉम्बिन ४१ ते ९३. पीटी आणि एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते, त्यात पीटी १० ते १५, एपीटीटी २५ पासून जवळजवळ ६० पर्यंत. गुठळीचं जाळं विणणारं फायब्रिनोजेन १६२ ते ४६२. आता तुमचा रिपोर्ट शेजारी धरा. ३१, ५२, १५, ५१, १९०. यातला एक तरी आकडा बाहेर आहे का? मशीन आणि केमिकल बदललं की सेकंद थोडे मागेपुढे होतात, म्हणून लॅबलाच विचारा की बाळांची वयाप्रमाणे रेंज आहे का तुमच्याकडे, चांगली लॅब देते. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना उरणारे तुकडे, त्याचं तर विचारूच नका, जन्मानंतरच्या दिवसांत तो निरोगी बाळांमधेही वर असतो, मोठ्यांची मर्यादा त्याला लावण्यात अर्थच नाही.

खरे बाण दोनच आहेत तुमच्या रिपोर्टमधे. प्लेटलेट, कारण ती बाळाची पण दीड लाखाच्या वरच असायला हवी, आणि सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन-सूज असली की वाढणारं प्रोटीन, कारण १० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात आणि तुमचा ३८ आहे. म्हणजे शरीरात काहीतरी चाललंय, अ‍ॅडमिट ठेवलंय ते उगाच नाही. आणि दुसरं, "रेंजमधे आहे" म्हणजे "सगळं ठीक आहे" असंही धरू नका. तुमच्या बाळाचे आकडे रेंजमधे आहेत पण बरेचसे कडेला टेकलेत, पीटी वरच्या टोकाला आणि फायब्रिनोजेन खालच्या. ते मुळात तसेच होते का इन्फेक्शनने तिथपर्यंत ढकलले, हे एका रिपोर्टवरून कुणीच सांगू शकणार नाही, मोठ्यातल्या मोठ्या हॉस्पिटलचा डॉक्टर असला तरी.

आता तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न, रक्त पातळ आणि गाठी दोन्ही एकदम कसं. होतं, आणि सेप्सिसमधे नेमकं तेच होतं, तुमचे दोन्ही काका अर्धे अर्धे बरोबर आहेत.

तुम्ही कापसाला सरीने पाणी भरलंच असेल. माझ्या वडलांची यावलकडे जमीन होती, लहानपणी रात्रीच्या लायटीला त्यांच्यामागे बॅटरी धरून मी चिखलातून चाललेय. पाणी भरणारा माणूस काय करतो, एक सरी भरली की फावडंभर माती टाकून तिचं तोंड बंद करतो, पुढची फोडतो. बांध कुठं फुटला तर तिथं धावत जाऊन माती टाकतो. आता समजा त्या माणसाला कुणीतरी घाबरवून सोडलं, साप साप म्हणून, आणि तो अंधारात दिसेल त्या सरीच्या तोंडावर माती टाकत सुटला. काय होईल? निम्म्या सऱ्या कोरड्या, झाडं तहानलेली, आणि हातातली माती संपली. मग खरा बांध फुटतो तेव्हा टाकायला ढेकूळ नाही. सेप्सिसमधे जंतूंमुळे शरीर असंच घाबरतं, बारीक बारीक रक्तवाहिन्यांमधे नको तिथं गुठळ्या बनायला लागतात, त्यात प्लेटलेट खर्च होतात, फायब्रिनोजेन खर्च होतं, आणि मग सुई टोचली तिथून रक्त थांबेना. एकाच बाळात किडनीला रक्त कमी आणि टोचल्या जागेतून रक्त चालू. डॉक्टर त्याला डीआयसी म्हणतात, तुमच्या कानावर हा शब्द पडला नसेल तर चांगलंच आहे, तुमचं बाळ त्या आकड्यांवर नाहीये.

या गोष्टीत प्रोटीन सी कोण? तो बांधावर उभा राहून ओरडणारा, की बास, इथं माती नको. अँटिथ्रॉम्बिन त्याचाच जोडीदार. मोठ्या माणसाकडे असे ओरडणारे दहा असतात म्हणा, बाळाकडे मुळातच तीन-चार, आणि सेप्सिसमधे तेही दमून जातात. म्हणून डॉक्टर ही टेस्ट बघतात, कारण इन्फेक्शन झालेल्या बाळाचं प्रोटीन सी फारच खाली गेलं तर ते बाळ जास्त आजारी आहे असं समजून त्याच्यावर जास्त डोळा ठेवावा लागतो. पण सेप्सिस आहे की नाही हे ही टेस्ट एकटी ठरवत नाही. गुदमरून जन्मलेल्या बाळाचंही कमी येतं, लवकर जन्मलेल्याचं तर आणखी कमी असतं.

फायब्रिनोजेनचा आकडा आणखी फसवा आहे बरं का. इन्फेक्शन झालं की लिव्हर उलट फायब्रिनोजेन जास्त बनवायला लागतं, आणि इकडे गुठळ्यांमधे ते खर्चही होत असतं. आवक वाढली आणि खपही वाढला तर गोडाऊनमधला साठा तेवढाच दिसतो. म्हणून १९० बघून खूश पण व्हायचं नाही आणि रडायचं पण नाही.

इथं मला "बघू" वर यायचंय, कारण तुम्हाला त्या शब्दाचा राग आलाय. भाऊ, तुम्ही काट्यावर बसता. कापसाची गाडी भरलेली आली, वजन केलं, आकडा आला. त्यावरून माल किती ते सांगता का? नाही सांगत, गाडी खाली करून परत काट्यावर येते, रिकामीचं वजन होतं आणि फरकावर पावती फाटते. डॉक्टरांचं "उद्या रिपीट करू" म्हणजे तेच आहे, ते रिकाम्या गाडीची वाट बघतायत. उद्या प्लेटलेट १ लाख १० वरून दीड लाखाकडे निघाली, सीआरपी उतरला, प्रोटीन सी तिथंच किंवा थोडं वर, की समजायचं गाडी बरोबर रस्त्याला आहे. प्लेटलेट ५० हजारांकडे घसरायला लागली, फायब्रिनोजेन १०० कडे, प्रोटीन सी दहा-बारावर आलं, एपीटीटी लांबतच चालला, तर मात्र सगळे धावतील, तुम्ही सांगायची वाट बघणार नाहीत. सीआरपीचं एक लक्षात ठेवा, तो इन्फेक्शननंतर ६ ते १२ तासांनी चढायला लागतो आणि दीड-दोन दिवस चढतच राहू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ३८ चा ४५ झाला म्हणून लगेच अँटिबायोटिक लागू पडत नाही असं धरून बसू नका.

कल्चरचंही तसंच. जंतू वाढायला वेळ लागतो, ४८ तास तरी धरा. आणि निगेटिव्ह आलं तरी "मग उगाच ठेवलं" असं म्हणत काउंटरवर भांडू नका, मी अशी भांडणं खूप झेललीत. बाळाचं रक्त मिळतंच मिलीलिटरभर, त्यात जंतू सापडले तर सापडले. दिल्लीतल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास २०१६ मधे छापून आला होता, त्यात एनआयसीयूत आलेल्या बाळांपैकी १४ टक्क्यांच्या आसपास बाळांना सेप्सिस धरला गेला आणि कल्चरमधे जंतू सापडले ते साधारण ६ टक्क्यांत. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांचं निदान बाळाकडे बघूनच झालं.

आता नळीची एक गोष्ट सांगते, कारण आकडा चुकीचा असू शकतो हे कुणी बोलत नाही. गोठण्याची टेस्ट निळ्या झाकणाच्या ट्यूबमधे जाते. त्यात आधीच थोडं पाण्यासारखं औषध असतं, सायट्रेट, रक्त गोठू नये म्हणून. माप ठरलेलं, नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट, ट्यूबवर रेघ असते तिथपर्यंतच भरायची. बाळाची शीर केसासारखी, रक्त थेंब थेंब येतं, हात थरथरतो, बाळ रडतं, आणि रेघेच्या खाली राहिलं तर सायट्रेट जास्त पडतं आणि एपीटीटी उगाच लांब येतो. ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी करायला उशीर झाला तर आत तांदळाच्या कणीएवढी गुठळी होते, आणि सगळे आकडे बेभरवशाचे. नव्या बाळाचं रक्त मुळात दाट असतं, फारच दाट असेल तर सायट्रेटसुद्धा कमी करून घ्यावं लागतं.

माझ्या हातून झालंय. हॉस्पिटलचं नाव नको, माझ्या नोकरीतलंच. रात्रीचे तीन, एका बाळाची शीर मिळेना, मी लाइनमधूनच, म्हणजे बाळाला आधीच बसवलेल्या नळीतून, सॅम्पल काढलं. लाइन चालू राहावी म्हणून तिच्यात हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं औषध, सोडलेलं असतं, पहिलं रक्त टाकून द्यायला हवं होतं ते मी पुरेसं टाकलं नाही. रिपोर्ट आला एपीटीटी १२० सेकंदांच्या वर. प्लाझ्माची चिठ्ठी लिहून झाली, बाप रक्तपेढीकडे पळाला पण. आणि डॉक्टर मॅडम बाळाजवळ गेल्या, टाचेवरचा टोचल्याचा ठिपका बघितला, कोरडा. नाभी कोरडी. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, सिस्टर सॅम्पल कुठून काढलं? परत शिरेतून काढलं, ४९ आला. बाप परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यात बघायची माझी हिंमत नव्हती. म्हणून तुम्ही डॉक्टरांना नम्रपणे एवढं विचारायला हरकत नाही की सॅम्पल शिरेतून होतं का लाइनमधून, आणि बाळाला कुठून रक्त येतंय का. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा. शीतून, लघवीतून, नळीतून, टोचल्या जागेतून रक्त नाही, अंगावर काळेनिळे चट्टे नाहीत, तर नुसत्या कागदावरच्या आकड्याला प्लाझ्मा देत नाहीत.

का देत नाहीत? कारण प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, सलाइन नव्हे. किलोला १० ते १५ मिलीलिटर देतात, तुमच्या बाळाला २७ ते ४० झालं. त्याच्या अंगात सगळं मिळून रक्तच सव्वादोनशे मिलीलिटरच्या आसपास, चहाचे दोन कप. त्यात एवढं ओतलं की हृदयावर आणि फुफ्फुसावर भार येतो, रिअ‍ॅक्शनचा धोका वेगळा. इंग्लंडमधे लवकर जन्मलेल्या बाळांना रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच प्लाझ्मा देऊन बघितला होता, १९९६ मधे निकाल छापला, काही फायदा दिसला नाही. प्लेटलेटचं तर उलटंच निघालं. २०१९ मधे फार लवकर जन्मलेल्या ६६० बाळांचा अभ्यास आला, निम्म्यांना प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्यावर चढवल्या, निम्म्यांना २५ हजारांच्या खाली गेल्यावरच. जास्त चढवलेल्या गटात मृत्यू आणि मोठे रक्तस्राव जास्त. आम्ही जुन्या सिस्टर लोकांनी ते वाचून कपाळाला हात लावला, इतकी वर्षं आकडा पडला की पिशवी लावायची असंच चाललं होतं.

आणि कुणी शिकलेला भाचा म्हणेल की प्रोटीन सी कमी आहे तर प्रोटीन सीच द्या ना. तेही करून झालंय जगाचं. सेप्सिससाठी प्रोटीन सीचंच एक इंजेक्शन निघालं होतं, ड्रोट्रेकॉजिन अल्फा. मुलांमधला त्याचा अभ्यास २००५ मधे मधेच थांबवला, फायदा दिसेना आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळांमधे डोक्यात रक्तस्राव जास्त दिसले. २०११ मधे ते जगभरच्या बाजारातून परत घेतलं. तेव्हा गूगलवर सापडलं तर पुढे पाठवू नका.

त्या दहा पोरांना घरी पाठवा. तुमच्या बाळाला आज रक्त लागत नाहीये. आणि लागलंच तर बाप, काका, सख्खे नातेवाईक यांचं रक्त बाळाला थेट देणं बरं नसतं, जवळच्या रक्तातल्या पेशी बाळाच्या अंगात शिरून त्याच्याच पेशींवर उलटू शकतात, तसं द्यायचंच झालं तर रेडिएशन देऊन द्यावं लागतं. पोरांना द्यायचंच असेल तर रक्तपेढीत आपलं साधं दान करून या म्हणावं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मामाच्या मुलीचं. हे मी जरा स्पष्ट लिहिते कारण ती बिचारी ओली बाळंतीण तिकडे दूध काढत बसलीय आणि इकडे ग्रुपवर तिच्यावर खापर फुटतंय. नात्यातल्या लग्नात काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. जन्मजात प्रोटीन सी नसण्याचा आजारही आहे, आईबापांकडून एक-एक असे दोन्ही बिघडलेले जीन आले तर होतो, फार क्वचित. पण त्या बाळाचं प्रोटीन सी ३१ नसतं, जवळजवळ शून्य असतं, आणि जन्मानंतर काही तासांत-दिवसांत अंगावर जांभळे-काळे चट्टे पडतात, ते बघून लॅबची गरजच पडत नाही शंका घ्यायला. तुमच्या बाळाला तसं काही नाही. डॉक्टरांना शंका आलीच तर ते तुमचं दोघांचं प्रोटीन सी तपासतील, आणि बाळाचं सहा महिन्यांनी परत, कारण सौम्य कमतरता आहे का हे आत्ताच्या आकड्यावरून कळतच नाही, निरोगी बाळाचा आकडाही एवढाच असतो. आणि बाळाला जे झालंय, इन्फेक्शनची शंका, ते मामाची असो का परक्याची, कुणाच्याही बाळाला होतं. ग्रुपवर एकदा लिहून टाका आणि मग ग्रुप म्यूट करा.

नाशिकला हलवू का. धुळ्याहून दीडशेच्या वर किलोमीटर आहे, तीन तास धरा. आजारी बाळाला रस्त्यावरची थंडी, धक्के, मधेच श्वास थांबला तर जागा अरुंद. जिथं आहे तिथं व्हेंटिलेटर आहे का, रात्री बाळांचे डॉक्टर असतात का, प्लाझ्मा-प्लेटलेट लागलं तर कुठून आणि किती वेळात येतं, हे तीन विचारा, उत्तरं नीट मिळाली तर बाळ जिथं आहे तिथंच राहू द्या. डॉक्टर स्वतः म्हणाले हलवा, तर मात्र घरच्या गाडीत कांबळात गुंडाळून नाही, सोय असलेल्या अ‍ॅम्ब्युलन्समधून. पैशांची ओढाताण होत असेल तर लाजू नका, सरकारी मोठ्या दवाखान्यांमधे नवजात बाळांचा एसएनसीयू विभाग असतो, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, १ जून २०११ पासून, आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त, नेणं-आणणं फुकट आहे. पण आधी तिथं बेड आहे का ते या डॉक्टरांनाच फोन करून विचारायला लावा, बाळ घेऊन दारात उभं राहायचं नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा, फोन लावा शहाद्याला. जन्मल्यावर बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का? १ मिलिग्रॅम, मांडीत, एकदाच. बाळाच्या कार्डावर लिहिलेलं असतं, नसेल तर तिथल्या सिस्टरला विचारा. कारण गोठवणारी चार प्रोटीन, आणि तो आपला बांधावर ओरडणारा प्रोटीन सीसुद्धा, व्हिटॅमिन के शिवाय नीट बनत नाहीत, बाळ जन्मताना त्याचा साठा जेमतेम घेऊन येतं आणि आईच्या दुधात ते फार कमी असतं. गडबडीच्या डिलिव्हरीत हे इंजेक्शन राहून जाऊ शकतं. राहिलं असेल तर डॉक्टरांना आत्ता सांगा, साधी स्वस्त गोष्ट आहे आणि पीटी १५ कशामुळे याचं उत्तरही कदाचित तिथंच सापडेल.

आजेसासूंना माझा नमस्कार सांगा. बाळ दूध ओढत नाही आणि पाय गार, हे त्यांनी हाताने ओळखलं आणि घर डोक्यावर घेतलं. नव्या बाळाला सेप्सिसमधे ताप येईलच असं नाही, उलट ते थंड पडू शकतं, आणि बरीच घरं ताप नाही ना म्हणून रात्र काढतात. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना हेच ओळखायला शिकवलं, १९९९ मधे त्याचे आकडे लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आले, तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. तुमच्याकडे ती बाई घरातच होती. पुढे डिस्चार्जनंतर आशाताई येतील, पण बाळाच्या पायाला हात लावायचं काम आजीकडेच राहू द्या.

बाळाच्या आईला सांगा दूध दर दोन-तीन तासांनी काढायचं, बाळ पीत नसलं तरी, रात्रीचंसुद्धा, नाहीतर आटेल. नळीने का होईना, डॉक्टर हो म्हणाले की पहिलं तेच द्यायचंय. स्टीलची वाटी आणि झाकण दोन्ही उकळून, हात कोपरापर्यंत धुऊन, अंगठ्या-बांगड्या काढून. घुटी, मध, गुळाचं पाणी घेऊन कुणी एनआयसीयूच्या दारात आलं तर गोड बोलून परत पाठवा. आणि उद्याचा रिपोर्ट आला की ग्रुपवर टाकू नका, मला पाठवा, कालचा आणि उद्याचा दोन्ही एकाच फोटोत, शेजारी शेजारी ठेवून.